मध्यरात्रीची घंटा
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



हीरक महोत्सवाच्या सभेत शाळेच्या गौरवाचे बोलावे, असा संकेत आहे. तो काम माझ्याआधीच्या वक्त्यांनी उत्तम केले आहे. मी मात्र आज आपल्या शाळेतील खरकटे आणि रद्दी यांविषयी बोलणार आहे.

तीन वर्षांपूर्वीपर्यंत आपल्या पोषण आहारातला भात जवळजवळ रोज उरत असे. प्रमाण शासनाने ठरवून दिलेले आहे. पाचवीपर्यंतच्या मुलास १०० ग्रॅम तांदूळ आणि सहावी ते आठवीच्या मुलास १५० ग्रॅम. वजनात आमची चूक नव्हती. तरीही उरे, आणि मी भिंतींवर ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ असे फलक लावून, प्रार्थनेनंतर मुलांना बोल लावून मोकळी होत असे. एके दिवशी स्वयंपाक करणाऱ्या ताई मला म्हणाल्या, “बाई, मुलांना कशाला रागावता? तांदूळ मी शाळा भरायच्या आधी काढते, कालच्या हजेरीवर. आज किती आलीत ते मला कोण सांगतं?” आठवडी बाजाराच्या दिवशी आणि मोठ्या पावसात हजेरी किती घसरते, हे मला पुरते ठाऊक होते. ते स्वयंपाकघरापर्यंत पोहोचवावे, हे मात्र सुचले नव्हते.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही काही शिक्षिका तंजावरला गेलो. बृहदीश्वराच्या मंदिरात भिंतीवर कोरलेला १८०३ सालचा भोसले घराण्याचा मराठी इतिहास पाहिला. तमिळ मुलखात, चोळांच्या देवळात आपली अक्षरे पाहून गळा दाटून आला, हे कबूल करते. पण तिथून मी घरी आणले ते दुसरेच काही.

१७९९ च्या तहाने तंजावरच्या राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. सरफोजीराजांकडे किल्ला आणि लगतचा थोडा मुलूख एवढेच राहिले. रामेश्वरच्या यात्रामार्गावर राजांच्या पूर्वजांनी अन्नछत्रे बांधली होती, त्यांना जमिनी लावून दिल्या होत्या. हिशेबी कंपनीच्या डोळ्यांना हा खर्च उधळपट्टी वाटण्याचे भय होते. म्हणून १८०१ मध्ये राजांनी रेसिडेंटाला पत्र लिहून ही छत्रे चालू राहावीत अशी मागणी केली आणि तिथला नित्यक्रम कळवला. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत येईल त्या वाटसरूला शिजवलेले अन्न मिळे. ज्याला ते नको असेल, त्याला कोरडा शिधा. अनाथ मुले तिथल्या पंतोजींच्या हवाली केली जात. आणि मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा होई, की जेवायचे राहिलेल्यांनी यावे, त्यांच्यासाठी भात तयार आहे.

ही घंटा माझ्या मनातून जाईना. एवढ्या मोठ्या मुदपाकखान्यात अन्न उरणे अटळच. पण उरलेले टाकण्याआधी ‘कोणी उपाशी आहे काय’ असे विचारण्याची नेमून दिलेली वेळ होती. आणि शिध्याची सोय म्हणजे, शिजवण्याआधी विचारणे.

परत आल्यावर आम्ही पहिल्या तासिकेनंतर वर्गमंत्र्यांकडून हजेरीचा आकडा स्वयंपाकघरात पाठवू लागलो; ताई त्यानंतर तांदूळ धुतात. मधली सुट्टी संपण्याच्या दहा मिनिटे आधी दुसरी घंटा होते. पुन्हा मागायला लाजणारी मुले या घंटेला निःसंकोच येतात. ती कोणती मुले, हे आम्हाला या घंटेनेच दाखवले. वाया जाणाऱ्या भाताच्या शोधात निघालो आणि अर्धपोटी मुले सापडली! आता भात उरतो तो क्वचितच.

कागदाचे म्हणाल तर ते सोपे निघाले. संगणकावर भरलेली माहिती केवळ सवयीने तीन प्रतींत छापत होतो, ते थांबवले. पाठकोऱ्या कागदांच्या वह्या गणिताच्या कच्च्या कामाला जातात. पालकांपैकी ज्यांना सूचना फोनवर चालते त्यांना फोनवर, इतरांना छापील. हा आमचा शिधा.

पण काटकसरीच्या उत्साहात माझ्या हातून एक चूक झालेली आहे, आणि ती आपणांसमोर सांगणे माझे कर्तव्य आहे. मुख्याध्यापिका झाले त्या वर्षी मी कोठीघर स्वच्छ केले. जनरल रजिस्टर आणि जपून ठेवणे बंधनकारक असलेली कागदपत्रे वगळून बाकीचे गठ्ठे न उघडता रद्दीत दिले. पुढे एक माजी विद्यार्थी आले. शाळेच्या सुरुवातीच्या वर्षांतील एका हस्तलिखित वार्षिकात त्यांच्या दिवंगत बहिणीची कविता होती, तिच्या अक्षरात. ती पाहता येईल का, एवढेच त्यांना हवे होते. ते हस्तलिखित त्याच गठ्ठ्यांत गेले होते. तंजावरच्या सरस्वती महालात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत. त्यांत रोजच्या साध्या खर्चाच्याही नोंदी आहेत, आणि अभ्यासक त्यांवरून त्या काळचे जीवन उभे करतात. ते सारे ऐकताना मला त्या गृहस्थांचा चेहरा आठवत होता. आमच्या कीर्दीत त्या रद्दीची नोंद आहे. रक्कम १८६ रुपये, खाली माझी सही.

महोत्सवासाठी कोठीघर पुन्हा रिकामे करायचे आहे. या वेळी प्रत्येक गठ्ठा उघडून यादी होईल. ती कार्यालयाबाहेर महिनाभर लावली जाईल आणि त्यानंतरच रद्दीवाल्याला बोलावले जाईल. यादी करण्यास निवृत्त शिक्षकांनी व माजी विद्यार्थ्यांनी हातभार लावावा. तसेच आपल्यापैकी कोणाच्या घरी, माळ्यावर, जुन्या ट्रंकेत शाळेच्या हस्तलिखिताचा एखादा अंक, चार पाने जरी असली, तरी ती आठवडाभरासाठी आम्हाला द्यावीत. छायाप्रत काढून मूळ पाने आपल्या हाती परत करू. एक पत्ता माझ्याकडे जपून ठेवलेला आहे. पहिली प्रत तिकडे जाईल.