एकच भाषण, अनेक गावं



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून भर उन्हाळ्यात व्याख्यान ऐकायला येणं मराठी माणसाच्या अंगवळणी पडलंय. ऐकण्याचा सराव आपल्याला भरपूर आहे. बोलण्याचा सराव कुठं होतो, एवढंच आज बघू.

शाळेत वक्तृत्व स्पर्धा होतात. सर भाषण लिहून देतात, मुलगी ते पाठ करते, हातवारे बसवले जातात, पाच मिनिटांनी घंटा वाजते, ढाल मिळते. त्यानंतर ते भाषण पुन्हा कधीच होत नाही. माझी तक्रार पाठांतराबद्दल नाही. पाठांतर कीर्तनकारही करतो. पण आपलं कोणतं वाक्य लोकांपर्यंत पोचलं नाही, हे त्या मुलीला पहिल्यांदा बोलताना कळतं आणि ते सुधारायला तिला दुसरी वेळच मिळत नाही.

कीर्तनकाराचं बघा. विष्णुबुवा जोगांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथं जाणारा पोरगा पहिल्या दिवशी गादीवर उभा राहत नाही. तो टाळ घेऊन मागं उभा राहतो. महाराज कुठं थांबले, दृष्टान्त कधी आवरता घेतला, लोक कुठं पेंगले, हे सगळं तो मागून बघतो. मग कुठल्यातरी सप्ताहात त्याला प्रवचनाची सेवा मिळते. समोर चार म्हातारी माणसं आणि खेळणारी पोरं. तीच त्याची परीक्षा. पुढं कीर्तनं मिळू लागली की एकच अभंग तो गावोगाव सोडवतो. एका गावात हसू आलेला दृष्टान्त दुसऱ्या गावात पडतो, आणि तिसऱ्या गावात तो दोन वाक्यांनी आखूड झालेला असतो. हे आखूड होणं म्हणजेच सराव. आरशासमोर ते होत नाही, कारण आरसा पेंगत नाही.

आपल्या जालना जिल्ह्याला हे बाहेरून शिकायचं कारण नाही. घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या चौदाव्या दशकात कीर्तनाच्या लक्षणांना स्वतंत्र समास दिला आहे. लोकांसमोर बोलणं ही शिकायची विद्या आहे, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. आपण मात्र ‘त्याला वाणीची देणगी आहे’ म्हणतो आणि मोकळे होतो.

पुढं आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता, तेव्हा तर बोलायला जागाच नव्हती. सभेला परवानगी लागे. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षण उर्दूतून. मराठी माणसाला चार लोकांत मराठी बोलायला उरलं काय? कीर्तन, गणपतीचा मांडव, वाचनालयाची ओसरी. आणि तरी १९३७ मध्ये त्या राज्यातल्या मराठी माणसांच्या महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन आपल्या परतूरला भरलं, गोविंदराव नानलांच्या अध्यक्षतेखाली. तिथं उभं राहून बोलणारी जीभ अशाच आडजागी तयार झाली असणार, असं मला वाटतं.

आता आजचं. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा महिलांना राखीव झाल्या २०११ पासून. सरपंचताई खुर्चीवर असतात आणि बोलतात ‘सरपंचपती’. ताईंना बोलता येत नाही, असं त्याचं कारण सांगितलं जातं. घरी, शेतात, बचत गटात त्या कुणाला ऐकत नाहीत, हे सगळ्या गावाला ठाऊक असतं! त्यांना ग्रामसभेत बोलण्याची सवय नाही, एवढंच.

ती लावता येते. विषय एकच घ्या, समजा टँकरचा. आधी बचत गटाच्या बैठकीत तीन मिनिटं उभं राहून बोला. बसून नाही, उभं राहिलं की श्वास बदलतो आणि त्याचाच तर सराव हवा. बाया मध्येच विचारतील, ‘पण खेपा किती येतात ते आधी सांगा.’ झालं, खेपांचा आकडा भाषणाच्या सुरुवातीला आला. मग तेच भाषण वस्तीवर करा. तिथं कुणी म्हणेल, आमच्याकडे टँकर वळतच नाही. तो मुद्दा जोडा, दुसरा एखादा काढा. मग मासिक सभा, मग ग्रामसभा. तिथं पोचेपर्यंत अवघड प्रश्न तुम्हाला आधीच विचारून झालेले असतात आणि भीती बरीचशी त्या प्रश्नांचीच असते.

मोबाइलवर स्वतःचं बोलणं एकदा ऐका. पहिल्यांदा आपलाच आवाज नकोसा वाटतो, वाटू द्या. ‘या ठिकाणी’ किती वेळा आलं ते मोजा. महाराष्ट्रात इतकी ठिकाणं नाहीत, तेवढी एकेका भाषणात असतात. व्यासपीठावरच्या मान्यवरांची नामावळी एका वाक्यात आटपा. आपल्याकडे निम्मी सभा तिच्यातच संपते. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं वाक्य पाठ असू द्या, मधले मुद्दे हातातल्या चिठ्ठीवर. चुकलात तर माफी मागत बसू नका, पुढचं वाक्य घ्या. लोकांना चूक कळलेलीच नसते, माफी मात्र लक्षात राहते.

माझी वेळ संपली. आता प्रश्न घेऊ. चिठ्ठ्या पाठवू नका. उभं राहा, नाव आणि गाव सांगा, एक मिनिट बोला. सुरुवात मागच्या रांगेपासून, कारण तिथं बसणारी माणसं तिथं का बसतात, हे मला चांगलं माहीत आहे.