सारांशलेखन आणि व्यवस्थापनशिक्षण



गुरुवर्यांच्या स्मृतीस वंदन करून आज मी वाङ्मयाबाहेरचा वाटणारा विषय घेतो आहे. पालक अलीकडे मजकडे एक शंका घेऊन येतात : ‘मुलीने मराठी घेऊन बी.ए. केले, तर पुढे एम.बी.ए.ची दारे बंद होतील काय?’ ह्या शंकेपायी किती मुलांची आवड पदवीआधीच खुडली जाते! म्हणून तिचे उत्तर येथे देतो.

आपल्या इंदुरात १९९६ साली भारतीय प्रबंध संस्थान स्थापन झाले. तेथील दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी असलेल्या ‘कॅट’ परीक्षेस किमान गुणांची अट पाळून कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. दार उघडेच आहे. तयारी मात्र हवी.

परीक्षेचे विभाग तीन : भाषा व आकलन, माहितीचे विश्लेषण व तर्क, आणि गणित. गणितात शेकडेवारी, गुणोत्तर-प्रमाण, सरासरी, काळ-काम-वेग यांना मोठे स्थान आहे; हे सारे शाळेच्या फळ्यावरचेच. भाषाविभागात उताऱ्याचे आकलन, परिच्छेदाचा सारांश, विस्कळीत वाक्यांचा क्रम लावणे, असे प्रश्न येतात. लेखकाचे म्हणणे आणि आपले मत यांची गल्लत होऊ न देणे, ही शिस्त आपण सारांशलेखनाच्या तासाला शिकलो. ती मराठीत अंगी बाणली की इंग्रजीतही साथ देते. तथापि प्रश्नपत्रिका इंग्रजी असते. तेव्हा पदवीच्या तीन-चार वर्षांत इंग्रजीतील गंभीर लेखन रोज वाचल्यावाचून गत्यंतर नाही. बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकले तर एक गुण वजा होतो. म्हणून कोणता प्रश्न सोडून द्यावा, हा विवेकही सरावानेच येतो.

प्रवेशानंतर खरी कसोटी लागते. एखाद्या उद्योगापुढील पेचप्रसंगाचे पानेच्या पाने वर्णन, सोबत आकड्यांचे तक्ते, आणि ‘तुम्ही काय निर्णय घ्याल?’ हा प्रश्न! अहमदाबादच्या संस्थानाने ही प्रसंगाभ्यासाची पद्धत आपल्याकडे रुजविली. येथे सूक्ष्म वाचन करणारा तरतो; परंतु ताळेबंद ज्याला वाचता येत नाही, तो अडखळतो. म्हणून कलाशाखेच्या विद्यार्थ्याने जमाखर्च व संख्याशास्त्र यांची तोंडओळख आधीच करून घ्यावी.

पालकांना माझी विनंती एवढीच : मुलांच्या हातचे पुस्तक काढून घेऊ नका, त्याशेजारी गणिताची वही ठेवा. आणि शाळेला विनंती : सारांशलेखनाचा तास कधीही गाळू नका.