झाडाकडील बाजू
(पुनर्वसन कक्षाच्या पायाभरणीप्रसंगी विश्वस्त मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



अंथरुणास खिळलेल्या रुग्णाच्या दृष्टीने खोली म्हणजे मुख्यतः छतच. हे जाणून वास्तुविशारद आल्वार आल्टो यांनी फिनलंडमधील पाइमिओ येथील क्षयरोग रुग्णालयात, १९३३ साली, खोल्यांची छते गडद हिरवी ठेवली. दिवे रुग्णाच्या नजरेआड बसविले.

रॉजर उलरिक यांनी अमेरिकेतील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी अभ्यासून १९८४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली.

आमच्या जुन्या कक्षातील रुग्णांनी वर्षानुवर्षे ट्यूबलाइट आणि भिंतच पाहिली, ही उणीव आम्ही मान्य करतो. नव्या इमारतीत कडुनिंबाकडील बाजू सशुल्क खोल्यांना द्यावी, अशी सूचना होती. त्यातून उत्पन्न वाढले असते. तरीही विचारांती ती बाजू आम्ही सर्वसाधारण कक्षास दिली आहे. येणारी तूट आपल्या साहाय्यानेच भरून निघेल.

पक्षाघातानंतर पुन्हा पहिले पाऊल टाकणाऱ्यास समोर भिंत नव्हे, झाड दिसावे, एवढीच आमची इच्छा आहे.