दिवा बदलण्याआधी



गणपती जवळ आले की बेळगाव-निपाणीकडच्या घरोघरी माळ्यावरून विजेच्या माळा खाली उतरतात. त्या निमित्ताने आपण वर्षभर डोक्यावर असणाऱ्या दिव्यांबद्दल थोडे बोलू. आपल्यापैकी अनेकांची मुले पुण्याला, बेंगळूरला असतात आणि जुन्या घरात आईवडील दोघेच राहतात. जिन्यातला दिवा आठ दिवस बंद राहिला, तर तिथे पाय घसरायला एक रात्र पुरते.

आधी प्रकार पाहू. जुना पिवळा बल्ब तारेला तापवून उजेड देतो, म्हणून त्याची बहुतेक वीज उष्णतेत जाते. ट्यूबला चोक आणि स्टार्टर लागतो. सीएफएलमध्ये थोडा पारा असतो. ती फुटली तर खिडक्या उघडाव्यात आणि काचा हाताने न उचलता जाड कागदाने गोळा कराव्यात. आता बाजार एलईडीचा आहे. ६० वॅटच्या जुन्या बल्बचा उजेड ९ वॅटचा एलईडी देतो. जिन्यातला दिवा रोज १० तास जळत असेल, तर ६० वॅटला महिन्याला १८ युनिट लागतात आणि ९ वॅटला पावणेतीन युनिटही लागत नाहीत. कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजना आहे. तिच्यात २०० युनिट ओलांडले की पूर्ण बिल भरावे लागते. काठावर असलेल्या घराला हे पंधरा युनिट मोठे आहेत.

विकत घेताना फक्त वॅट पाहू नये. खोक्यावरचा ‘ल्युमेन’चा आकडा उजेड सांगतो. ‘२७०० के’ म्हणजे पिवळसर, ‘६५०० के’ म्हणजे पांढरा. देवघराला आणि झोपायच्या खोलीला पिवळसर बरा. स्वयंपाकघराला आणि औषधाच्या बाटलीवरचे बारीक अक्षर वाचायच्या जागेला पांढरा. होल्डर पिनचा आहे की आट्याचा, हेही दुकानात जाण्यापूर्वी पाहून घ्यावे.

आता नेहमीच्या तक्रारी. ट्यूब नुसतीच लुकलुकत असेल तर आधी स्टार्टर बदलून पाहावा. टोके काळी पडली असतील तर ट्यूबच संपत आली आहे. चोकही गेला असेल, तर तो बदलण्यापेक्षा सरळ एलईडीची पट्टी बसवलेली परवडते. एकाच जागेवरचा बल्ब पुन्हा पुन्हा जातो, तेव्हा होल्डरच्या पिना सैल किंवा जळालेल्या असतात. तिथे बल्ब नव्हे, होल्डर बदलावा. बंद काचेच्या गोळ्यात एलईडी तापतो आणि लवकर जातो.

बटण बंद करूनही एलईडी मंद मिणमिणतो, त्याला पुष्कळजण भुताटकी म्हणतात! बटणातल्या लहान लाल दिव्यातून थोडी वीज जात असेल तर त्यात घाबरण्यासारखे नाही. पण बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेले असले तरीही असेच होते, आणि ते धोक्याचे. कारण बटण बंद असूनही होल्डरमध्ये वीज असते. म्हणून बल्ब बदलताना बटणावर भरवसा न ठेवता मेन स्विच बंद करावा, पाय कोरडे असावेत आणि स्टूल डगमगते नसावे.

घरातले सगळेच दिवे एकदम भडक आणि मग मंद होऊ लागले, आणि शेजारीही तसेच असेल, तर दोष बाहेरच्या लाईनवर, बहुधा सैल न्यूट्रलमध्ये असतो. मेन बंद करावा आणि १९१२ वर तक्रार नोंदवावी. खांबाला स्वतः हात लावू नये, ते लाईनमनचे काम. फोनवर कानडीत अडत असेल तर शेजारच्या मुलाला बोलायला लावावे. त्यात संकोच कसला?

शेवटी मखराबद्दल. कापूर, निरांजन आणि थर्माकोल यांच्यामध्ये माळेची वायर येऊ देऊ नये. वायर सोलून सॉकेटमध्ये काड्या खुपसण्याची सवय मोडावी. ३० मिलिअँपियरचे गळती-रोधक स्विच घरात नसेल, तर यंदा आरास थोडी कमी करून ते वायरमनकडून बसवून घ्यावे. आणि आपल्या गल्लीत एकटे राहणारे आजी-आजोबा असतील, तर दर्शनाला जाताना एवढे विचारावे: ‘काकू, जिन्यातला दिवा लागतो ना?’

गणपती बाप्पा मोरया!