सगळ्याच मुलांना प्रोग्रामिंग कशासाठी?

(स्नेहमेळाव्यात 1993 च्या दहावीच्या तुकडीतर्फे केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि पीटीचे सर अगदी समोरच बसले आहेत. त्यामुळे वेळ पाळणं भाग आहे.

सकाळच्या बैठकीत जो विषय निघाला, त्यावरच बोलते. आपण सगळे मिळून शाळेला काही देणार आहोत. बऱ्याच जणांचं म्हणणं असं की संगणक कक्ष द्यावा आणि पाचवीपासून प्रत्येक मुलाला कोडिंग शिकवावं. काहींनी विचारलं, सगळ्यांना कशाला? ज्याला आवड आहे तो शिकेल. मी पंचवीस वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यामुळे मी कोणत्या बाजूनं बोलणार हे तुम्ही गृहीत धरलंच असेल. सगळ्या मुलांना शिकवावं असंच माझंही मत आहे. फक्त माझं कारण वेगळं आहे, आणि कारण बदललं की खर्चाचा हिशोबही बदलतो.

आधी नोकरीचं कारण बाजूला ठेवू. 2020 च्या टाळेबंदीत टीव्हीवर आणि मोबाइलवर जाहिरातींचा भडिमार झाला होता. सहा-सात वर्षांच्या मुलानं ॲप बनवलं, आता तो कोट्यधीश होणार, तुमचं मूल मागे राहील! आईबापांच्या काळजाला हात घालून विकलेली ती गोष्ट होती. प्रत्यक्षात सगळी मुलं प्रोग्रामर होणार नाहीत आणि होऊही नयेत. आपल्या तुकडीत नर्स आहेत, द्राक्षबागायतदार आहेत, एसटीचे चालक आहेत, पॉवर हाऊसमध्ये लागलेले आहेत, एक जण कीर्तन करतो. शिवाय आता प्रोग्राम लिहून देणारी यंत्रंही आली आहेत. 2022 च्या शेवटी चॅटजीपीटी आलं. तेव्हापासून नवख्यांना जे काम आम्ही शिकायला म्हणून द्यायचो, त्यातलं बरंच यंत्रच करतं. नोकरी हे एकच कारण असेल तर ते कारण आजच डळमळीत झालेलं आहे.

मग कशासाठी? दोन गोष्टींसाठी.

पहिली आपल्या कॉलनीतल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. आपल्यापैकी निम्म्यांचे वडील शिफ्टला जायचे. बंद पडलेला बॉयलर पुन्हा पेटवायचा असेल तर थेट पेटवत नाहीत. आधी पंखे चालू करायचे, तेलाचे व्हॉल्व्ह बंद आहेत याची खात्री करायची आणि साधारण पाच मिनिटं भट्टीतून हवा खेळवायची, म्हणजे आत साचलेलं न जळलेलं इंधन बाहेर जातं. ही पाच मिनिटं पूर्ण झाल्याशिवाय पुढची पायरी नाही. कुणी घाई करून ती टाळली तर भट्टीत स्फोट होऊ शकतो. म्हणून यंत्रणाच अशी बांधलेली असते की अट पूर्ण झाल्याशिवाय ती पेटवूच देत नाही. ‘हे झालं असेल तर ते कर, नाहीतर थांब.’ मित्रांनो, प्रोग्राम म्हणतात तो हाच. कोडिंग हा शब्द आपल्या कानावर पडायच्या कितीतरी आधी आपल्या वडिलांची पिढी त्या शिस्तीवर रात्रपाळ्या काढत होती.

ही शिस्त मुलांना कशी शिकवायची? त्यासाठी एक जुनी आणि सोपी युक्ती आहे. सेमोर पॅपर्ट नावाच्या गणितज्ञाने आपल्या सहकाऱ्यांबरोबर 1960 च्या दशकात मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा बनवली. तिच्यात पडद्यावर एक कासव असतं. ‘पुढे जा 100, उजवीकडे वळ 90’ हे चार वेळा सांगितलं की चौकोन तयार होतो. मग मुलाला त्रिकोण काढायला सांगा. समभुज त्रिकोणाचा कोन 60 अंशांचा हे त्याला पाठ असतं. तो सांगतो, ‘पुढे जा 100, वळ 60’, तीन वेळा. त्रिकोण काही होत नाही. अर्धवट षटकोन होऊन कासव भलत्याच ठिकाणी उभं राहतं. आता मुलाला स्वतः उठून जमिनीवर चालून बघावं लागतं. चालताना कळतं की आपण आतल्या कोनात वळत नाही, बाहेरच्या कोनात वळतो. 180 वजा 60, म्हणजे 120. आपल्याला बाह्यकोन फळ्यावर शिकवला होता. हा मुलगा तो पायांनी शिकला.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. कासव रागावत नाही, मार्क कापत नाही, ‘तुला जमायचं नाही’ म्हणत नाही. ते सांगितलं तेवढंच करतं. मुलाला कळतं की आपण सांगितलं काय आणि आपल्याला म्हणायचं होतं काय, यात अंतर होतं. ते अंतर शोधायचं आणि पुन्हा सांगायचं. चूक म्हणजे लाल शाई नव्हे, चूक म्हणजे पुढचं काम. ही सवय नर्सला हवी, शेतकऱ्याला हवी आणि कीर्तनकारालाही हवी.

दुसरी गोष्ट नागरिक म्हणून आहे. आज बँकेत जा, रेशनला जा, शिष्यवृत्तीचा अर्ज भरा. एक वाक्य हमखास ऐकू येतं, “सिस्टिम घेत नाही.” पूर्वी साहेब घेत नव्हते, आता सिस्टिम घेत नाही. साहेबांशी निदान वाद घालता यायचा. सिस्टिम म्हटलं की माणूस गप्प होतो, पाऊस पडत नाही म्हटल्यावर गप्प व्हावं तसा. पण सिस्टिम आभाळातून पडलेली नाही. अर्जात आडनावाची चौकट रिकामी चालणार नाही, हा नियम कुणीतरी बसून लिहिला. ज्याला आडनावच नाही, त्याचा विचार लिहिणाऱ्याच्या मनात आला नाही, एवढंच. मी स्वतः असे नियम लिहिते, म्हणून खात्रीनं सांगते. लिहिणाराही माणूस असतो, त्याच्याही नजरेतून गोष्टी सुटतात, आणि नियम बदलताही येतो. ज्या मुलानं दहा ओळींचा का होईना, स्वतःचा प्रोग्राम लिहिला आणि तो चुकताना पाहिला, ते मूल मोठेपणी त्या खिडकीपाशी विचारेल, “का घेत नाही? कोणती अट अडते?” हा प्रश्न सामनगावच्या, हिंगणवेढ्याच्या, कंत्राटी कामगारांच्या मुलांना विचारता यायला हवा. मोठ्या शहरातल्या महागड्या शाळांतली मुलं तो विचारायला शिकतीलच.

आता विरुद्ध बाजू, कारण ती खरी आहे. ‘असर’च्या 2023 च्या पाहणीत ग्रामीण भागातली 14 ते 18 वर्षांची मुलं पाहिली होती. त्यातल्या सुमारे चौथा हिस्सा मुलांना स्वतःच्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता येत नव्हता. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं निम्म्याहून अधिक मुलांना जमलं नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला कोडिंग शिकवणं म्हणजे पायाशिवाय मजला चढवणं. म्हणून माझी पहिली अट अशी : वाचन आणि भागाकार यांच्या तासातला एक मिनिटही यासाठी घ्यायचा नाही. मागे पडलेल्या मुलांसाठी वेगळा वेळ काढायचा असेल तर आपल्या पैशातला पहिला वाटा तिकडे जावा.

दुसरा धोका आपण स्वतः अनुभवला आहे. कार्यानुभव आठवतो? मूळ कल्पना किती चांगली होती, मुलांच्या हातांना काम! आणि झालं काय? खडू केले, क्रेप कागदाची फुलं केली आणि वही दुसऱ्याची उतरवून काढली. कोडिंगला मार्क लावले की त्याचंही हेच होईल. ‘प्रोग्राम म्हणजे काय? त्याची चार वैशिष्ट्ये लिहा.’ गाइड निघेल आणि क्लास निघतील.

नुसती यंत्रं आणून भागत नाही, हेही आपल्या देशानं पाहिलं आहे. 1984 मध्ये केंद्र सरकारनं ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला. निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक दिले गेले. पुढे गावोगावच्या शाळांत संगणक आले. त्यातले किती कुलपात राहिले, किती प्लास्टिकच्या आच्छादनाखाली जुने झाले, हे इथल्या शिक्षकांना मी सांगायला नको. इंग्लंडनं सप्टेंबर 2014 पासून पाच वर्षांच्या मुलांपासून हा विषय सक्तीचा केला. तीन वर्षांनी तिथल्या रॉयल सोसायटीनं पाहणी केली, तेव्हा अहवालात सांगावं लागलं की हे शिक्षण सगळीकडे सारखं पोचलेलं नाही आणि शिकवणारे शिक्षक पुरेसे नाहीत. श्रीमंत देशाची ही गत. आपल्याकडे 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगशी संबंधित उपक्रम घेण्याची शिफारस आहे. धोरणात ते आलं, पण वर्गात येण्यासाठी शिक्षक लागतो.

म्हणून माझा प्रस्ताव असा. सहावी ते आठवी, आठवड्याला एक तास, सगळ्या मुलामुलींना. परीक्षा नाही, मार्क नाहीत, वही नाही. नववीनंतर ज्याला हवं त्यानंच पुढे जावं.

सुरुवातीचे दोन महिने संगणकच नको. पीटीचे सर आपल्याला उंचीनुसार रांगेत उभं करायचे, ते आठवा. चाळीस मुलं आहेत आणि शेजारच्या दोघांचीच उंची ताडून जागा बदलायची असा नियम केला, तर 780 वेळा ताडावं लागू शकतं. त्याऐवजी छोट्या छोट्या रांगा आधी नीट लावल्या आणि मग दोन-दोन रांगा एकमेकींत मिसळत नेल्या, तर काम दोनशेच्या आत होतं. मैदानावर मुलांकडून दोन्ही करून घ्या. कोणती पद्धत चांगली आणि का, हे मुलंच सांगतील. याला खर्च शून्य. न्यूझीलंडमध्ये अशा संगणकाविना करायच्या खेळांचा मोठा संग्रहच तयार झाला आहे.

मग संगणक. दोन मुलांत एक, मुद्दाम. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं टाइप करायचं, म्हणजे सांगणं स्पष्ट करावंच लागतं. वापरलेले पण चांगल्या अवस्थेतले संगणक चालतील. पायथन ही भाषा फुकट मिळते आणि तिच्यात ते कासवही आहे. मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी आडवं येईल ही भीती थोडी खरी आहे. पण पायथनचे स्वतःचे राखीव शब्द जेमतेम 35 आहेत. मुलं अडखळतात ती इंग्रजीतून येणाऱ्या चुकांच्या सूचनांवर. तिथे शेजारी समजावणारं माणूस हवं. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पानं प्रोग्रामिंगचे धडे मराठी आवाजातही केले आहेत, त्यांचा शिक्षकांना आधार होईल.

आणि सगळ्यात मोठा खर्च शिक्षकावर. बाहेरचा कंत्राटी माणूस नको, आपल्या शाळेचे गणिताचे शिक्षकच हवेत. त्यांना शिकायला वेळ मिळावा, त्यांच्या बदलीच्या तासांचं मानधन आपल्या निधीतून जावं. तुम्ही म्हणाल, आता यंत्रच प्रोग्राम लिहितं, मग शिक्षकांना एवढं शिकवायचं कशाला? कॅल्क्युलेटर आला तरी भागाकार शिकवणं आपण सोडलं नाही, कारण उत्तर भलतंच आलं तर ते भलतं आहे हे कळावं लागतं. कंट्रोल रूममध्ये सगळं आपोआप चालतं, तरी माणूस काट्याकडे बघत बसलेला असतोच.

मित्रमैत्रिणींनो, 1970 च्या सुमारास इथे पहिला संच आला आणि त्याच्या मागोमाग ही वसाहत वाढली. ते पहिले दोन संच आता बंद झाले. 210 मेगावॅटचे तीन उरलेत आणि 660 मेगावॅटच्या नव्या संचाबद्दल आपण वर्षानुवर्षं ऐकतोच आहोत. क्वार्टर रिकामी होतात, पट कमी होतो. उद्या इथलं मूल कोणत्या कामाला लागेल हे आपण सांगू शकत नाही. सांगता येत नाही म्हणूनच त्याला एका नोकरीसाठी तयार करण्यात अर्थ नाही. नीट सांगणं, चूक शोधणं आणि ‘का घेत नाही?’ असं विचारणं, एवढं त्याच्याबरोबर द्यावं.

बाहेरच्या टेबलावर वर्गणीची पावतीपुस्तकं आहेत. त्यांच्याशेजारी मी एक कोरा तक्ता ठेवला आहे, शनिवारच्या तारखांचा. सॉफ्टवेअरमधल्यांनीच नाव लिहावं असं नाही. रांग लावायला पीटीचे सर तयार आहेत, मी मघाशीच विचारून घेतलं. वाचन घ्यायला कुणीही चालेल. नाशिक रोडला राहणाऱ्यांनी महिन्याचा एक शनिवार द्यावा. पुण्या-मुंबईच्यांनी वर्षातून दोन द्यावेत. पावती फाडून झाली की त्या तक्त्यातही एक नाव लिहा.