चार विधानभवनं, एक घाटरस्ता आणि फेब्रुवारी
(या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलंय.)

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की तुझे आई-बाबा येतायत, तर त्यांना कुठे नेणार? ग्रँड कॅन्यन? वेगस? तर नाही. आम्ही भर हिवाळ्यात, डोंगरातून गाडी काढून, चार राज्यांची विधानभवनं बघायला जाणार आहोत. ऑफिसमध्ये सांगितलं तर लोक दोन सेकंद गप्प बसले.

ही कल्पना बाबांची. बाबा सरकारी नोकरीत होते आणि हिवाळी अधिवेशनाच्या ड्यूटीला कित्येक वर्षं नागपूरला जायचे. त्यामुळे आमच्या घरात डिसेंबर म्हणजे नाताळ वगैरे नाही, डिसेंबर म्हणजे बाबा नागपूरला. मी डेन्व्हरला राहतो हे कळल्यापासून ते एकच विचारतायत, "अरे, तिथलं विधिमंडळ कधी भरतं? आत सोडतात का?" सोडतात. इथे त्याला स्टेट कॅपिटॉल म्हणतात. प्रवेश फुकट, आणि सभागृह चालू असेल तर वरच्या गॅलरीत बसून कामकाज बघता येतं. आपल्याकडे पाससाठी कुणाकुणाला फोन करावे लागतात ते बाबांना चांगलंच माहीत आहे, म्हणून त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही.

आता हिवाळाच का? कारण इथली बरीचशी विधिमंडळं हिवाळ्यातच भरतात. उन्हाळ्यात गेलात तर रस्ते मस्त, पण सभागृह रिकामं. मग मी चार कॅलेंडरं शेजारी शेजारी लावली. कोलोराडोचं अधिवेशन जानेवारीत सुरू होतं आणि १२० दिवस चालतं. युटाचं जानेवारीच्या उत्तरार्धात, ४५ दिवसांचं. आयडाहोचंही जानेवारीत. वायोमिंगची गंमत वेगळी आहे. तिथे विषम वर्षी मोठं अधिवेशन जानेवारीत आणि सम वर्षी छोटं बजेट अधिवेशन, तेही फेब्रुवारीच्या दुसऱ्या सोमवारपासून. मोंटाना तर फक्त विषम वर्षीच भरतं, त्यामुळे हेलेना शहर मनात असूनही यादीतून काढलं. आपली ट्रिप सम वर्षातली. म्हणजे चारही ठिकाणी एकाच वेळी काम चालू असेल असा काळ एकच उरतो: फेब्रुवारीचा मधला भाग. ख्रिसमसच्या सुट्टीत गेलो असतो तर रजा वाचली असती, पण चारही सभागृहांत फक्त खुर्च्या दिसल्या असत्या. शिवाय डिसेंबरमध्ये इथे जेमतेम सव्वानऊ तास उजेड असतो, फेब्रुवारीच्या मध्यात साडेदहा. बर्फाच्या रस्त्यावर हा सव्वा तास फार मोठा आहे.

सुरुवात घरातूनच. डेन्व्हरच्या कॅपिटॉलच्या पश्चिमेच्या पायऱ्यांवर 'समुद्रसपाटीपासून एक मैल उंच' अशी खूण आहे. म्हणजे ५,२८० फूट. आपलं कळसूबाई ५,४०० फूट, हे सांगितल्यावर आई म्हणाली, "म्हणजे तू रोज कळसूबाईवर ऑफिसला जातोस?" साधारण हो! आणि खूण एक नाही, तीन आहेत. आधी पंधराव्या पायरीवर, मग १९६९ मध्ये विद्यार्थ्यांनी परत मोजून अठराव्यावर, मग २००३ मध्ये तेराव्यावर. जुन्या खुणा तशाच ठेवल्यात. आमच्या धंद्यात याला व्हर्जन हिस्टरी म्हणतात.

डेन्व्हर ते शायन, म्हणजे वायोमिंगची राजधानी, फक्त १६० किलोमीटर. अख्ख्या वायोमिंगची लोकसंख्या सहा लाखांच्या आत आहे, एकट्या नाशिकपेक्षा कितीतरी कमी. पण १८६९ मध्ये, म्हणजे वायोमिंग अजून राज्यही झालं नव्हतं तेव्हा, इथे बायकांना मतदानाचा हक्क मिळाला. आईला बाकी कशात फार रस नाही, पण हे ऐकून ती यायला तयार झाली. बाबांसाठी इथे वेगळं आकर्षण आहे. बजेट अधिवेशनात बजेट सोडून दुसरं कुठलंही विधेयक नुसतं मांडायचं असेल तरी दोन तृतीयांश मतं लागतात. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात धडाधड मतदान. बाबा म्हणाले, "मग बुधवारीच जाऊ."

आता मुख्य गोष्ट. शायन ते सॉल्ट लेक सिटी, आय-८० हायवे, ७०० किलोमीटर. मॅप म्हणतो साडेसहा तास. मंडळी, हिवाळ्यात या आकड्यावर भरवसा ठेवू नका.

शायन सोडलं की शर्मन समिट लागतं, ८,६४० फूट. पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या या हायवेचा हा सगळ्यात उंच बिंदू. पण खरी भीती त्याच्या पुढे आहे, लॅरमी ते रॉलिन्स, एल्क माउंटनच्या पायथ्याशी. १९७० मध्ये हा तुकडा खुला झाला तेव्हापासून तो वाऱ्यासाठी बदनाम आहे. इथे आकाशातून बर्फ पडायची गरजच नसते. आधी पडलेला कोरडा, भुरभुरीत बर्फ वारा जमिनीवरून उचलतो आणि रस्त्यावर आडवा फेकतो. वर निळं आकाश, आणि समोरचा ट्रक दिसत नाही! म्हणून फोनवरचं वेदर ॲप 'सनी' दाखवत असतं आणि हायवे बंद असतो. दोन्ही खरं. रस्त्याकडेला मैलोन्‌मैल लाकडी कुंपणं दिसतात, ती गुरांसाठी नाहीत, उडणारा बर्फ अलीकडेच अडवण्यासाठी आहेत.

रस्ता बंद कसा करतात तेही समजून घ्या. हायवेवर रेल्वे फाटकासारखी फाटकं आहेत. ती पडली की गावात परत फिरायचं. कधी कधी तुमच्या पुढचा रस्ता चांगला असतो, तरी फाटक पडतं. कारण पुढचं गाव अडकलेल्या ट्रकांनी आणि गाड्यांनी भरलेलं असतं, आणि उघड्यावर अडकण्यापेक्षा मागच्या गावात थांबलेलं बरं. अशा वेळी मोटेलच्या खोल्या तासाभरात संपतात. म्हणून आमचं सगळं बुकिंग फुकट रद्द करता येणारं आहे. थोडं महाग पडलं, पण पडू दे.

म्हणून हे ७०० किलोमीटर दोन दिवसांत करायचे. गुरुवारी रॉक स्प्रिंग्जला मुक्काम, शुक्रवारी सॉल्ट लेक. रस्ता बंदच राहिला, तर पुढे शनिवार, रविवार आणि सोमवारची प्रेसिडेंट्स डेची सुट्टी असे तीन मोकळे दिवस ठेवलेत. मग युटाचं सभागृह मंगळवारी बघू.

आमचा रूममेट म्हणतो, तीन दिवस मोकळे म्हणजे वाया. त्याच्याशी माझं यावर चांगलंच वाजलं. तो एकटा असता तर मीही एका दिवसात मारलं असतं. पण मागच्या सीटवर बाबा, वय ६६, बीपीची गोळी, आणि आई, जिला पुण्याच्या जानेवारीतही स्वेटर लागतो. व्हिजिटर इन्शुरन्स आहे, पण रॉलिन्सच्या अलीकडे दोन्ही बाजूंनी फाटक पडलं तर इन्शुरन्सचा कागद काय करणार? त्यामुळे नियम आत्ताच ठरवले. सकाळी सातला वायोमिंगच्या ५११ ॲपवर रस्ता बघायचा. 'काळा बर्फ' किंवा 'जमिनीवरून उडणारा बर्फ' यातलं काहीही दिसलं तर निघायचं नाही. टाकी अर्ध्याच्या खाली नाही. क्रूझ कंट्रोल बंद. अंधार पडायच्या आत मुक्काम. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम: गाडीतला कुणीही एक जण 'परत फिरू' म्हणाला की चर्चा नाही, परत फिरायचं. बाबांना हा नियम फार आवडला. म्हणाले, "म्हणजे प्रत्येकाला व्हेटो." आईने विचारलं, "मी घरातूनच वापरला तर?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं!

गाडी भाड्याची की स्वतःची, यावर दोन रात्री गेल्या. भाड्याची गाडी बॉयझीत सोडून विमानाने परत येणं सोपं. पण भाड्याच्या गाडीला बहुतेक वेळा सगळ्या ऋतूंचे म्हणतात तसले टायर असतात, आणि चेन लावायला करारात सहसा मनाई असते. माझ्या गाडीला विंटर टायर आहेत. त्यांचं रबर थंडीत कडक होत नाही, त्यामुळे ब्रेक लागतो. म्हणून गाडी माझी. आई-बाबा बॉयझीहून विमानाने डेन्व्हरला, आणि मी अन् रूममेट गाडी सावकाश परत आणणार. त्यांचं मुंबईचं विमान त्यानंतर सहा दिवसांनी आहे, म्हणजे 'विमान चुकेल' म्हणून कुणी गाडी दामटणार नाही.

डिकीत फावडं, वाळूची पिशवी, चार घोंगड्या, उणे तापमानाचं काच धुवायचं पाणी. आईकडून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. अडकलोच तर गाडीतच थांबायचं, आणि इंजिन लावण्याआधी सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढायचा, नाहीतर धूर आत येतो आणि झोपेतच माणूस जातो. हे रूममेटकडून दोनदा म्हणून घेतलंय.

सॉल्ट लेकचं कॅपिटॉल भूकंपासाठी २६५ रबरी बेअरिंगांवर उभं केलंय, २००४ ते २००८ मध्ये, आधीच उभ्या असलेल्या इमारतीखाली! आणि बॉयझीचं, आयडाहोचं, जमिनीखालच्या गरम पाण्यावर तापवतात. आई लगेच म्हणाली, "वज्रेश्वरीसारखं?" हो, फक्त कुंडाऐवजी पाइपात.

शायन, लॅरमी किंवा रॉक स्प्रिंग्जला कुणी मराठी माणूस हे ऐकत असेल तर मेसेज करा. रस्ता विचारायला नाही, तो ॲपवर कळेल. फाटक पडलं तर चहाला येऊ.