पायाखालची माती आणि पहिला मेटल डिटेक्टर
(सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कसाल येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहास आणि आरोग्य अशा भारदस्त विषयांची चर्चा व्हावयाची, तेथे मेटल डिटेक्टरसारखा प्रथमदर्शनी निव्वळ हौसेचा वाटणारा विषय मांडण्याचे धाडस मी करीत आहे, ते अगदीच अकारण नव्हे. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी मालवण फाट्यावर उतरू लागले, की त्यांच्या सामानातून दरसाल एखादे नवे यंत्र गावात येते, आणि अलीकडे त्यांत ह्या धातुशोधक यंत्राची भर पडू लागली आहे. आजवर आपला त्याचा परिचय जत्रेच्या बंदोबस्तात पोलिसांनी उभारलेल्या चौकटीपुरता होता. आता मात्र ओटीवर बसलेली मंडळी दोन प्रश्न हटकून विचारतात: "ह्या यंत्रान सोना गावता काय?" आणि "केवढ्याक मिळता?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण माझ्या मते ते दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाचे आहेत. पहिला प्रश्न आपल्या पायाखालच्या मातीचा. ती माती ओळखल्यावाचून घेतलेले स्वस्त यंत्र महाग पडते, आणि महाग यंत्रही पुष्कळदा फुकट जाते.

यंत्राचे कार्य समजण्यास कठीण नाही. दांड्याच्या टोकाशी जी वाटोळी कॉइल असते, तिच्यातून सेकंदाला काही हजार वेळा दिशा पालटणारा विद्युत्प्रवाह खेळविला, की तिच्याभोवती तितक्याच त्वरेने पालटणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. ते जमिनीतील धातूला भिडले, की धातूच्या अंगात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात, आणि त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र यंत्रातील दुसऱ्या कॉइलला जाणवून कानात सूर उमटतो. ह्या तत्त्वाचा गाजलेला पहिला प्रयोग टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली केला. त्या वर्षीच्या २ जुलै रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली, ती शरीरात कोठे रुतली आहे हे डॉक्टरांना कळेना, म्हणून बेलसाहेबांनी आपले यंत्र रुग्णशय्येपाशी नेले. यंत्र खोटे नव्हते. परंतु अध्यक्ष ज्या गादीवर पडले होते तिच्यात पोलादी स्प्रिंगा होत्या, आणि डॉक्टरांनी शोध घेऊ दिला तो उजव्या अंगाला, वास्तविक गोळी होती डाव्या अंगाला. १९ सप्टेंबरला गारफील्ड वारले. दोष यंत्राखाली काय होते आणि ते कोठे फिरविले गेले ह्याचा होता, आणि नवख्या शोधकाच्या बहुतेक निराशा ह्याच जातीच्या असतात.

आपल्या कसालच्या पंचक्रोशीत ह्या पोलादी स्प्रिंगांची जागा जांभ्याने घेतली आहे. ज्या चिऱ्यांनी आपली घरे, विहिरी आणि गडगे बांधले, तो जांभा म्हणजे लोहाच्या संयुगांनी भरलेला दगड. त्याचा तांबडा रंगच त्याची कबुली देतो. ह्या लोहाचा बराचसा अंश चुंबकीय दृष्ट्या निरुपद्रवी असतो, पण काही अंश मॅग्हेमाइट नावाच्या, चुंबकाकडे ओढल्या जाणाऱ्या रूपात असतो, आणि यंत्राच्या दृष्टीने खरा उपद्रव त्याचाच. आता एक गंमत पाहा. पालापाचोळ्यासारख्या सेंद्रिय पदार्थासह अशी माती भाजली, की तिच्यातील साध्या लोहसंयुगांचे मॅग्हेमाइटमध्ये रूपांतर होऊ लागते. म्हणजे भाताच्या तरव्यासाठी आपले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जी भाजावळ करीत आले, तिच्यामुळे ती जमीन रोपांसाठी तयार होता होताच धातुशोधकाला अधिक दुर्बोध होत गेली. अशा जागेवर स्वस्तातले यंत्र फिरविले तर ते एकतर अखंड किंचाळत राहते, नाहीतर मौन पाळते. आणि जांभ्याचा एखादा सुटा खडा मोठ्या धातूचा आव आणून माणसाला वीतभर खणायला लावतो.

ही अडचण केवळ हौशी मंडळींची नाही. कंबोडिया आणि मोझांबिक ह्या देशांत युद्धकाळातील भूसुरुंग काढणाऱ्या पथकांनाही अशाच तांबड्या मातीने जेरीस आणले आहे. तेथे चुकीचा इशारा म्हणजे वाया गेलेला वेळ, आणि न मिळालेला इशारा म्हणजे गेलेला पाय. म्हणून तेथे यंत्र निवडताना त्याच मातीत त्याची चाचणी घेतात. आपल्या जिवाला तसा धोका नसला तरी पद्धत तीच घेण्याजोगी आहे.

ह्यावरून खरेदीचा पहिला निकष निघतो, आणि तो खोलीचा नव्हे. यंत्राला जमिनीशी जुळवून घेता आले पाहिजे. दुकानदार ह्या सोयीला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. धातू नसलेल्या जागेवर कॉइल जमिनीलगत वर-खाली केली, की यंत्र त्या मातीचा सूर ओळखून तो वजा करते. नवशिक्यांसाठी निघालेल्या कित्येक यंत्रांत, उदाहरणार्थ गॅरेट कंपनीच्या एस २०० आणि एस ३०० ह्या प्रसिद्ध जोडीत, हा समतोल कारखान्यातच कायमचा ठरवून दिलेला असतो. साध्या मातीत ती यंत्रे चांगली चालतात. मात्र जांभ्याच्या सड्यावर त्यांच्याकडून फार अपेक्षा करू नये. उलट नोक्ता ह्या तुर्की कंपनीने २०१९ साली बाजारात आणलेल्या सिम्प्लेक्स यंत्रात ही सोय खालच्या किमतीतही मिळाली, शिवाय ते संपूर्ण यंत्र ३ मीटर पाण्यात बुडविले तरी चालते. त्याच वर्षी मिनलॅब ह्या ऑस्ट्रेलियन कंपनीने व्हँक्विश ही मालिका काढली. तिच्यात एकाच वेळी अनेक कंप्रतांवर, म्हणजे फ्रीक्वेन्सींवर, काम करण्याची युक्ती आहे, पण पाणी सोसते ती केवळ तिची कॉइल, वरचा डबा नव्हे. ह्या वर्गातील यंत्रे परदेशात साधारणतः २०० ते ३०० डॉलरांच्या दरम्यान सुरू होतात. आपल्याकडे वाहतूक, आयात शुल्क आणि दुकानदाराचा नफा त्यावर चढतो. ह्याहून फार खाली उतरल्यास जे हाती येते ते मुलांचे खेळणे असते, आणि पहिल्याच यंत्रासाठी ह्याहून फार वर चढण्याचे प्रयोजन मला दिसत नाही.

आता तुम्ही म्हणाल, अनेक कंप्रतांचे कौतुक कशासाठी? त्याचे उत्तर मालवणच्या किनाऱ्यावर आहे. चिवल्याच्या किंवा तारकर्लीच्या कोरड्या पांढऱ्या रेतीत कोणतेही यंत्र सुखाने चालते. पण भरतीच्या ओल्या पट्ट्यात खारे पाणी स्वतःच विद्युद्वाहक असल्यामुळे, एकाच कंप्रतेचे यंत्र त्यालाच धातू समजू लागते. त्यातच काळ्या रेतीची रेघ लागली, जिच्यात इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट असते, तर मीठ आणि लोह असे दोन्ही शत्रू एकत्र येतात. ज्याला मुख्यतः समुद्रावर फिरावयाचे त्याने बहुकंप्रतेचे यंत्र घ्यावे. ज्याला कसाल-ओरोसच्या परसात आणि बागेत फिरावयाचे त्याने समतोलाची सोय असलेले एका कंप्रतेचे घेतले तरी भागते. पल्स इंडक्शन म्हणून तिसरा एक प्रकार आहे, तो मिठाला दाद देत नाही. पण तो बहुधा खिळा आणि अंगठी यांत भेद करीत नाही, आणि आपल्या परसात खिळ्यांचा तुटवडा कधीच नव्हता.

लोखंड गाळून टाकण्याची जी सोय यंत्रांत असते, तिच्याविषयी एक इशारा देणे मला अगत्याचे वाटते, कारण परदेशी माहितीपुस्तिकेत तो आढळत नाही. आपला १९९२ नंतरचा एक रुपया लोहचुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस पोलादाचा आहे. त्यामुळे पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे लोखंड गाळले, की यंत्र रुपयालाही खिळा समजून त्याच्यावरून निमूट पुढे जाते. दुसऱ्या टोकाला, पूर्वीचे ॲल्युमिनियमचे पैसे आणि बाटलीची झाकणे सूर चांगला देतात, आणि सोन्याचे दागिने सुरांत पुष्कळदा ह्या झाकणांच्या आसपास बसतात. सारांश, आरंभीचे काही दिवस काहीही न गाळता प्रत्येक सूर खणून पाहावा. कान यंत्रापेक्षा हळू शिकतो, पण पक्के शिकतो. कर्णयंत्र म्हणजे हेडफोन, हातात धरून नेमकी जागा दाखविणारा छोटा पिनपॉइंटर आणि मजबूत खुरपे, एवढ्यासाठी पैसे राखून ठेवावे. अधिक खोलीच्या हव्यासापायी मोठी कॉइल घेऊ नये, कारण तेवढी अधिक माती ती एका वेळी पाहते आणि तेवढीच अधिक गोंधळते. नाण्याएवढ्या वस्तूसाठी ह्या वर्गातील यंत्राची पोच फार तर वीतभर धरावी, जांभ्यात त्याहूनही कमी.

ह्यापेक्षा अधिक पोच सांगणारे लोक बाजारात आहेत, आणि त्यांच्याविषयी मी सौम्य बोलणार नाही. दहा-वीस मीटर खोलीचे सोने दुरूनच दाखविणारी, मुठीत धरण्याच्या दांड्यावर फिरती अँटेना बसविलेली जी यंत्रे लाखाच्या भाषेत विकली जातात, त्यांच्यामागे मान्य असे कोणतेही शास्त्र नाही. अशाच बनावटीचे एडीई ६५१ नावाचे तथाकथित बाँबशोधक यंत्र जेम्स मॅककॉर्मिक ह्या इंग्रज व्यापाऱ्याने इराकी सरकारला विकले. त्यात चालू स्थितीतील विद्युत्‌रचनाच नव्हती, आणि २०१३ साली लंडनच्या न्यायालयाने त्याला दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. आपल्याकडे पूर्वी पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घालून गुप्तधन पाहण्याचा जो प्रकार होता, त्याच समजुतीला बॅटरी बसविली की हे यंत्र तयार होते. गुप्तधनाच्या नावाने अघोरी कृत्ये करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरले आहे. अँटेनेच्या ह्या अंजनाला मात्र ग्राहकाची सावधगिरी हाच तूर्त मुख्य आळा.

गुप्तधनाचा उल्लेख आला, तेव्हा कायद्याकडे वळणे प्राप्त आहे, आणि तो कायदा जुना, पण जिवंत आहे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे, जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली की शोधणाऱ्याने तिचे स्वरूप, अंदाजी किंमत, स्थळ आणि तारीख नमूद करून जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविले पाहिजे, आणि ती वस्तू जवळच्या सरकारी खजिन्यात दाखल केली पाहिजे अथवा जामीन दिला पाहिजे. त्यानंतर जाहीरनामा निघतो, हक्क सांगणाऱ्यांना चार ते सहा महिन्यांची मुदत मिळते, आणि माल बेवारस ठरल्यास, निराळा करार नसेल तर, तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला व एक चतुर्थांश जागेच्या मालकाला मिळतो. सरकारला तो हवा असेल तर मूळ द्रव्याच्या किमतीवर एक पंचमांश अधिक देऊन सरकार तो घेऊ शकते. जो दडवितो त्याचा वाटा सरकारजमा होतो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्याच्या कक्षेतही येते. आणि सिंधुदुर्ग, विजयदुर्ग यांसारख्या केंद्रसंरक्षित किल्ल्यांत, जे २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले, परवानगीवाचून खणणे हा सरळ गुन्हा आहे. तेथे यंत्र घेऊन जाऊच नये.

परंतु केवळ शिक्षेच्या भयाने मी हे सांगत नाही. १९७४ साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाची मुळे खणताना काशाच्या चार अप्रतिम वस्तू सापडल्या: रथ हाकणारा पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा. त्या बिचाऱ्याचा काहीच दोष नव्हता. पण वस्तू शास्त्रीय उत्खननातून निघाल्या नव्हत्या, त्यामुळे त्या मातीच्या कोणत्या थरातल्या हे निर्विवादपणे सांगता येईना. बहुतेक संशोधकांनी त्या उत्तर-हडप्पाकालीन मानल्या, तर डी. पी. अगरवाल यांनी धातूतील अर्सेनिकच्या प्रमाणावरून ह्या कालनिर्णयावरच शंका घेतली. याच्या उलट, १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे सापडलेला क्षत्रप राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा साठा, सुमारे १३,२५० नाणी, अभ्यासकांच्या नजरेखाली एकत्र आला. म्हणूनच त्यांतील सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा उमटविला होता, हे मोजून सांगता आले आणि नहपानाच्या क्षहरात घराण्याच्या पराभवाला धातूचा दस्तऐवज मिळाला. तोच साठा मूठमूठ करून सराफाच्या मुशीत गेला असता तर ती केवळ चांदी झाली असती.

मग आपण शोधावयाचे काय? काल हरवलेले, गेल्या वर्षी हरवलेले, आजोबांच्या हयातीत हरवलेले. रेतीत पडलेली पर्यटकाची अंगठी. खळ्यात हरवलेले मंगळसूत्राचे पेंडल. बुजलेल्या विहिरीकडे जाणारा लोखंडी पाइप. जुन्या घराच्या वाश्यात राहून गेलेला आणि करवतीचे पाते मोडणारा खिळा. मालकाची परवानगी घेऊन खणलेला खड्डा बुजविणे आणि निघालेला कचरा पिशवीत घालणे, एवढी रीत पाळली तर कोणाची तक्रार येण्याचे कारण नाही. जमिनीच्या हद्दीच्या तंट्यात मात्र ह्या यंत्राचा आधार घेऊ पाहणाऱ्यांची निराशा होईल, कारण आपले हद्दीचे दगड दगडच आहेत. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा हेच बरे.

खरेदी पक्की करण्यापूर्वी परीक्षा अशी घ्यावी. आपल्याच परसातील तांबड्या मातीत चार बोटे खोल एक पाच रुपयांचे पितळी नाणे, दुसरीकडे एक पोलादी रुपया, तिसरीकडे खिळा आणि चौथीकडे बाटलीचे झाकण पुरावे, जागांवर खुणा कराव्या, आणि समतोल साधून यंत्र फिरवावे. दुकानात हवेत धरलेल्या नाण्यावर जे यंत्र हातभर अंतरावरून गाते, तेच ह्या मातीत चार बोटांवर मुके होईल तर ते आपले नव्हे. विक्रेता अशी चाचणी किंवा आठवडाभरात परत घेण्याची हमी देत नसेल, तर पक्के बिल आणि दुरुस्तीची व्यवस्था देणारा दुसरा विक्रेता पाहावा.

आणि ह्या कामी घाई करू नये. पाऊस आता तोंडावर आला आहे. जून-जुलैत उधाणलेल्या समुद्रावर यंत्र घेऊन जाणे हा शुद्ध वेडेपणा होय. पावसाळ्यात लाटा किनाऱ्यावरची रेती ओढून नेतात आणि दिवाळीनंतर ती हळूहळू परत भरत जाते. त्यामुळे जड वस्तू वरच्या थरात हाती लागण्याची संधी ह्या दोहोंच्या मधल्या काळात अधिक. गणपतीला जे चाकरमानी येतील त्यांच्याबरोबर बिलासकट यंत्र मागवावे, परसातील परीक्षा उरकावी आणि विसर्जनानंतर ओहोटीची वेळ पाहून मालवणची एस. टी. धरावी.